ताण उतरवण्याची शेवटची तारीख

आमच्या तक्रार विभागात लोक फोनवरून दिवसभर शिव्या घालतात आणि आम्ही 'क्षमस्व' म्हणतो. अकरा वर्षं क्षमस्व म्हणून माझा उजवा खांदा कानाला जाऊन चिकटलाय, दातओठ खाऊन दोन दाढा गेल्या आहेत आणि पोटात सकाळपासूनच आग पडलेली असते.

हे कळल्यावर साहेबांना आमचा कळवळा आला. साहेबांना कळवळा आला की मला धडकी भरते. लगेच नोटीस लागली : शुक्रवारपर्यंत सर्वांनी ताणमुक्त व्हावे, ज्यांचा रक्तदाब उतरणार नाही, त्यांची नावे कपातीच्या यादीत जातील. त्यासाठी तळपाय दाबून ताण घालवणाऱ्या एक बाई बोलावल्या. प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन बैठका.

घरात मिळवती मी एकटी. म्हणून मी जिवाच्या आकांताने सैल पडायला लागले. पहिल्या बैठकीनंतर रक्तदाब एकशे पन्नास, दुसरीनंतर एकशे साठ!

शुक्रवारी फायलींच्या खोलीत मोजे काढून बसले. बाईंनी दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. साहेब घड्याळ घेऊन समोर उभे.

"नऊ मिनिटं राहिली. पडा सैल."

"पडतेय, साहेब."

"दिसत नाहीये."

बाई हळूच म्हणाल्या, "ताई, पायाची बोटंसुद्धा आवळून धरलीत तुम्ही." आणि तळव्याच्या मधोमध, जिथे त्यांच्या शास्त्रात म्हणे पोट असतं, तिथे त्यांनी अंगठा असा रोवला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अकरा वर्षं गिळलेलं सगळं तोंडातून बाहेर आलं.

"नको मला तुमची नोकरी! घाला माझं नाव यादीत! आणि ते घड्याळ घाला चुलीत!"

काय सांगू, इतकं हलकं वाटलं! खांदा खाली आला, जबडा सुटला, चक्क भूक लागली. बाईंनी बटण दाबलं. एकशे अठरा.

"बघा!" साहेब हरखले. "मी म्हणत नव्हतो?" माझं बोलणं त्यांनी कानाआड केलं होतं, आकडा तेवढा डोळ्यांत भरला होता. त्यांनी पेन काढून यादीत आधीच लिहून ठेवलेलं माझं नाव खोडलं. "तुम्ही कुठे जाताय? सोमवारपासून सगळ्या विभागाचा ताण तुम्ही बघायचा. दर आठवड्याला अहवाल हवा."

"हो, साहेब. थँक्यू, साहेब."

हे मीच म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

साहेब शीळ घालत गेले. पट्टा अजून दंडालाच होता. बाईंनी खात्रीसाठी पुन्हा एकदा बटण दाबलं. पट्टा फुगत गेला, तसा माझा खांदा कानाकडे निघाला. बाईंनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र टेबलावर पालथं घातलं.

"मोजे घाला, ताई," त्या म्हणाल्या.