चार बटणं

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बापू काजं करायचा. पूर्वी तो पुढे, मापं घ्यायला असे. तिशीत स्किझोफ्रेनिया झाला आणि भिंतीआडून कोणी कोणी त्याच्याशी बोलू लागलं. गोळ्यांनी ते आवाज थांबले, पण खऱ्या माणसांचे आवाज सपाटच राहिले. शब्द कळत, त्यामागचा माणूस कळत नसे. गिऱ्हाईक वैतागून "वा, काय छान शिवलंय!" म्हणालं, की हा हसून आभार मानायचा. असं दोन-तीनदा झाल्यावर मालकाने त्याला मागच्या खोलीत काजांच्या मशीनवर बसवलं.

त्या खोलीत दुसरा माणूस एकच, कापड कापणारा कटर. तो बापूला 'राजे' म्हणायचा. "या राजे, बसा राजे." कुणीतरी आपल्याला मानतं, असं बापूला वाटायचं. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

आई गेल्यापासून घरी कोणी नव्हतं. ताई लांब दुसऱ्या गावी. रोज दुपारी दोनला तिचा फोन यायचा. "जेवलास? गोळी घेतलीस? कडी नीट लावतोस ना?" बारा वर्षं हेच. बापू तीनदा "हो" म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

त्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एक संशोधन करत होत्या. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "हे एक हार्मोन आहे. आपल्या शरीरात असतंच. नाकात फवारलं तर दुसऱ्याच्या आवाजातला भाव ओळखता येतो का, ते बघायचंय. निम्म्या बाटल्यांत औषध आहे, निम्म्यांत नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं, ते मलाही माहीत नसणार."

"पाण्याने काय होणार?"

"बहुतेक काही नाही. पण तेही बघायला हवं ना."

बापूने सही केली. आठवड्यातून दोनदा सकाळी जायचं, दोन्ही नाकपुड्यांत फवारा घ्यायचा, पाऊण तास गप्प बसायचं, मग कानाला हेडफोन. वाक्य एकच: "गाडी निघून गेली." कधी बाई म्हणायची, कधी पुरुष. समोर चार बटणं: आनंद, राग, दुःख, भीती. पहिल्या दिवशी त्याने अंदाजपंचे दाबली.

"सगळे एकच तर सांगताहेत," तो म्हणाला. "गाडी गेली. गेली तर गेली."

तिसऱ्या आठवड्यात एका बाईने तेच वाक्य म्हटलं. बापूचं बोट आपसूक चौथ्या, भीतीच्या बटणावर गेलं. कुणीतरी एकटं मागे राहिलंय, हे त्याला कुणी न सांगता कळलं होतं.

तो भरभर चालत कारखान्यात आला. कटरने कात्री न थांबवता म्हटलं, "या राजे! आज दरबार लांबला वाटतं?"

बापू दारातच थबकला. त्या आवाजात मान नव्हता. टिंगल होती, तीही शिळी, सवयीने केलेली. किती वर्षं आपण तिला हसून दाद देत आलो, ते मोजायला नको म्हणून तो मशीनवर बसला. तीन काजं वाकडी गेली.

दोनला फोन वाजला.

"जेवलास?"

बापूने मशीन बंद केलं.

"बापू? गोळी घेतलीस ना?"

"ताई, तू घाबरलीयेस का?"

"कोण म्हणालं तुला?"

"कोणी नाही. ऐकू आलं."

ताईला रडू फुटलं. "अरे, तू फोन उचलेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो माझा. नको नको ते मनात येतं. रोज."

"मला वाटायचं, तू हजेरी घेतेस."

"हजेरीच रे ती. आहेस की नाहीस, एवढंच बघते."

दुसऱ्या दिवसापासून बापू पावणेदोनलाच फोन लावू लागला. कटरला त्याने एवढंच सांगितलं, "मला राजे म्हणू नका." कटर बरं म्हणाला, आणि मग काहीच म्हणेनासा झाला. खोलीत दिवसभर फक्त मशीन बोले.

संशोधन संपलं, बाटली परत गेली. महिन्याभरात आवाज पुन्हा सपाट झाले. बापूने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "माझ्या बाटलीत औषध होतं की पाणी?"

"सगळ्यांचं झाल्यावरच यादी उघडायची. वर्ष जाईल."

"तोवर मिळेल का ते?"

"नाही देता येणार."

त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळेना. "तुम्हाला वाईट वाटतंय का?"

त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "हो. वाटतंय."

विचारलं की लोक सांगतात, ही त्याला नवीनच गोष्ट होती. तो ताईलाही विचारू लागला. "आत्ता कशी बोलतेयस?" ती सांगायची, "चिडलेय." नाहीतर, "हसतेय रे वेड्या."

एका दुपारी ती म्हणाली, आपली कसलीशी तपासणी झाली, रिपोर्ट यायचाय.

"घाबरलीस?"

"छे. मजेत आहे."

"खरंच?"

"खरंच."

बापूने फोन कानाशी घट्ट दाबून धरला. शब्द सगळे ठीक होते. त्यापलीकडे त्याला काही ऐकू येत नव्हतं.

"रविवारी येतो मी," तो म्हणाला.

बारा वर्षांत तो गावाबाहेर पडला नव्हता. ताई म्हणाली, "ये."

त्या एका अक्षरात आनंद होता की काळजी, त्याला कळलं नाही. फोन ठेवून तो मालकाकडे रजा मागायला गेला.