संत लूगनचा दगड आणि किलीनचा बटाटा

व्हॉनच्या गुत्त्यासमोर काळ्या फरशीचं एक टेबल होतं. त्या रविवारी त्याच्याभोवती इतकी माणसं दाटली होती, की मागच्यांना पुढच्यांच्या टोप्यांशिवाय काही दिसत नव्हतं. तरी "दिसलं, दिसलं" असं सगळ्यात मोठ्याने म्हणत होते ते मागचेच.

टेबलावर वीतभर लांबीचा, होडीच्या आकाराचा एक गुळगुळीत दगड होता. तो संत लूगनचा, असं बार्टली सांगे. बार्टली त्या दगडाचा राखणदार. आपल्या घराण्यात हा दगड तेराशे वर्षं आहे, असंही तो सांगे. घराणं नेमकं कुठलं, असं कुणी विचारलं की तो डोळे मिटून घेई, आणि लोकांना तेच उत्तर वाटे.

"ओले कोट घालून जवळ येऊ नका," तो बजावत होता. "संतांना सर्दी होते. आणि श्वास जरा बेताने घ्या. दगड झाला म्हणून काय झालं, त्यालाही हवा लागते."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी खरोखर श्वास रोखून धरला.

बार्टलीने दगडाला सुलट गिरकी दिली, म्हणजे सूर्य जातो त्या दिशेने. दगड शांतपणे फिरत राहिला. मग त्याने उलट गिरकी दिली. दगड थोडा फिरला, मग थरथरू लागला, खडखड खडखड डुलला आणि थांबला. घरी काहीतरी विसरल्याचं आठवावं तसा तो क्षणभर घुटमळला आणि आपला आपण सुलट फिरू लागला.

सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. किलमोर गावात उलट असं काही फिरतच नसे. पवित्र झऱ्याभोवती लोक सुलट फिरत, मयत चर्चभोवती सुलट नेत, बायका पातेल्यातला रस्सासुद्धा सुलटच ढवळत. कुणाला शाप द्यायचा असेल, तरच उलट फिरायचं. अशा गावात उलट फिरायला स्वतःहून नकार देणारा दगड आल्यावर कुणी अधिक चौकशी करण्याचा प्रश्नच नव्हता.

डीलिया लिनान मात्र बऱ्याच दिवसांपासून बघत होती. बार्टली दगडाला लोकांचे प्रश्न विचारी. आधी तो डोळे मिटून, संतांना कुठल्या दिशेने विचारलेलं आवडेल, ते ठरवी. सुलट फिरवला आणि दगड फिरत राहिला, तर माणूस खरा. उलट फिरवला आणि दगड माघारी वळला, तर माणूस खोटा. आदल्या संध्याकाळी ज्या घरी बार्टली हॅम खाऊन येई, त्या घरच्यांना नेहमी सुलटच विचारलं जाई. डीलियाला आधी वाटलं, संतांना हॅम आवडत असेल. मग वाटलं, बार्टलीला.

तेवढ्यात थेडी किलीन पुढे आला. थेडी गावातला मोठा शेतकरी. आवाजही त्याला शोभेल असा. त्याची तक्रार सगळ्यांना पाठ होती. एक मेच्या सकाळी त्याच्या घरी साय घुसळणं चाललं होतं. शेजारची विधवा हॉनर टाल्टी चूल पेटवायला निखारा मागायला आली. घुसळण चालू असलेल्या घरात कुणी आलं, तर त्याने दांड्याला हात लावून दोनचार हिसके द्यायचे, ही गावाची रीत. हॉनरच्या उजव्या हाताला भाजलं होतं. तिने दांडा धरला नाही, डाव्या हाताने निखारा घेतला आणि ती गेली. दांड्याला हात न लावता आग घराबाहेर नेली, तीही एक मेला, आणि त्या दिवशी आग बाहेर गेली की घरचं लोणीही जातं, असं गाव मानी. तेव्हापासून किलीनच्या घरी लोणी नीट येत नव्हतं. पुढे आणखी चार घरांत तेच झालं. आणि हॉनरकडे मात्र रोज पिवळंधमक, घट्ट लोणी.

"माझं लोणी तिच्या पिंपात जातंय," किलीन म्हणाला. "संतांना विचारा."

बार्टलीने डोळे मिटले आणि एवढा मोठा प्रश्न पुढच्या रविवारी विचारू, असं जाहीर केलं. हॉनरने त्याला कधी हॅम वाढलं नव्हतं. दगड कुठल्या दिशेला फिरवला जाणार, ते डीलियाला तिथेच कळलं. आणि दगड माघारी वळला की काय होणार, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. हॉनरच्या घरात कुणी पाऊल टाकणार नाही, तिचं लोणी बाजारात कुणी घेणार नाही, थंडीत जाळायला लागणारं टर्फ, म्हणजे दलदलीतली सुकवलेली माती, कापायला कुणी हात देणार नाही. मग गाय विकून तिला बॉस्टनला बहिणीकडे जावं लागेल. हॉनर डीलियाची लहानपणापासूनची मैत्रीण होती. ती गर्दीच्या कडेला ताठ उभी होती आणि कुणीच तिच्याजवळ उभं नव्हतं. डीलिया जाऊन उभी राहिली.

घरी आली तेव्हा तिचा भाऊ जेवणाच्या टेबलावर उकडलेली अंडी फिरवत होता.

मॅलाकी लिनान डब्लिनच्या विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उन्हाळ्यात घरी यायचा. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं: फिरणाऱ्या वस्तूंचं गणित. भोवरे, चाकं, कलंडणारी नाणी. त्यावर त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो ज्या थोड्या लोकांनी वाचला, त्यांच्यातल्या एका जर्मनाने एक वजाबाकीचं चिन्ह चुकल्याचं कळवलं होतं आणि त्या आनंदात मॅलाकी आठवडाभर होता. या कामाचा उपयोग काय, असं व्हॉनने एकदा विचारलं होतं. पृथ्वीसुद्धा फिरणारीच वस्तू आहे, असं मॅलाकीने उत्तर दिलं. त्यावर व्हॉन म्हणाला, की तिचं तर बरं चाललेलं दिसतंय.

डीलियाने सगळं सांगितलं. हॉनरचं नाव आलं तेव्हा मॅलाकी मान हलवत होता. दगड माघारी वळतो, हे ऐकल्यावर तो उभा राहिला आणि अंडं खाली पडलं.

"एकाच दिशेने? दुसऱ्या दिशेने नाही? तळ होडीसारखा?" त्याने घाईघाईने विचारलं. "डीलिया, अशी वस्तू कशी वागेल ते मी कागदावर मांडलंय. माझ्या डोळ्यांनी ती कधी बघितलेली नाही."

"हॉनरला गाव सोडावं लागेल, मॅलाकी."

"हो, ते वाईटच. दगडाची जाडी किती असेल?"

मग त्याने समजावून सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात कंस उघडला. गाईला सांगतोयस असं सांग, असं डीलियाने दटावलं. त्यावर त्याने बराच विचार केला, धुण्याचा साबण घेतला आणि चाकूने त्याचा तळ होडीसारखा गोल केला. वरच्या सपाट बाजूवर त्याने नालाचे दोन जड खिळे रोवले, पण होडीच्या लांबीच्या सरळ रेषेत नाहीत, किंचित तिरके. साबण बशीत ठेवून फिरवला. एका दिशेने तो सुरेख फिरला. दुसऱ्या दिशेने फिरवला तर थरथरला, डुलला, थांबला आणि उलटा वळला.

साबणाला कुठल्याच संताचा हात लागलेला नव्हता. त्याने कालच डीलियाचे पडदे धुतले होते.

"तळाचा आकार एका रेषेत आणि वजन थोड्या तिरक्या रेषेत," मॅलाकी म्हणाला. "म्हणून नको त्या दिशेने फिरवलं, की जरासं डुलणंसुद्धा वाढत जातं. फिरण्याचा जोर डुलण्यात जातो आणि डुलण्याचा जोर पुन्हा फिरण्यात येतो, पण दुसऱ्या दिशेने. बाकी काही नाही."

"एवढंच गावात सांग," डीलिया म्हणाली. "एक शब्द जास्त नको."

पुढचा रविवार जुलैचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी किलमोरात हंगामाचे पहिले बटाटे खणायचे असतात, म्हणून प्रत्येक घराची टोपली गुत्त्यासमोर आली होती. मॅलाकी उभा राहिला, त्याने खडू काढला आणि व्हॉनच्या दारावर समीकरणं लिहायला लागला. दार भरल्यावर तो खिडकीकडे वळला. हे पुसलं जाईल ना, एवढं व्हॉनने विचारलं. बाकी कुणी काही विचारलं नाही. एकदोन म्हातारे उभ्याउभ्या झोपले. शेवटी डीलियाने त्याच्या कोटाची बाही ओढली.

"मॅलाकी, दगड फिरव."

बार्टलीने दगड पुढे केला. हा माणूस स्वतःचा पचका करून घेणार, अशी त्याची खात्री होती. मॅलाकी म्हणाला, की आता हा माघारी वळेल. दगड वळला. मग म्हणाला, की आता मी फिरवणारच नाही, नुसतं टोकावर बोट आपटेन आणि हा आपोआप सुलट फिरेल. बोट आपटलं. दगड डुलला आणि सुलट फिरू लागला. हे बार्टलीलासुद्धा माहीत नव्हतं.

 मग किलीनने टोपी काढली आणि गुडघे टेकले. त्याच्यामागे सगळं गाव खाली बसलं, झोपलेले म्हातारेही.

बार्टली हुशार माणूस. तो सगळ्यांच्या आधी सावरला.

"मला स्वप्न पडलंच होतं," तो गहिवरून म्हणाला. "मी नुसता सांभाळत होतो. खरा धनी आज आला." आणि मॅलाकीच्या कानाला लागून हळूच म्हणाला, "हॅम तुमचं, अंडी माझी. काय?"

मॅलाकीने दाराकडे बोट दाखवून पुन्हा समजावायचा प्रयत्न केला. लोकांनी आता त्या खडूच्या ओळींकडे भक्तिभावाने पाहिलं. एका बाईने कंसाला हात लावून तो कपाळाला लावला. कुणीतरी गळ्याची गाठ दाखवायला पुढे आलं. व्हॉन म्हणाला, आता हे दार धुवायचं नाही.

"प्रोफेसर," किलीन गुडघ्यांवरूनच म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. हॉनरने लोणी चोरलं की नाही? तुम्ही म्हणाल ते खरं."

डीलियाच्या मनात आलं, म्हण. नाही म्हण आणि मोकळा हो. एका शब्दाचं काम. मॅलाकीने तोंड उघडलं. खोटं तर बोलायचं नव्हतंच, हॉनरने चोरी केलीच नव्हती. पण ते त्याला दगडाने सांगितलेलं नव्हतं, आणि लोकांना ते दगडाकडून हवं होतं. तो तसाच उघड्या तोंडाने उभा राहिला.

हॉनरच बोलली. "नको, प्रोफेसर. आज तुम्ही म्हणालात म्हणून सुटले, तर उद्या दुसरा कुणी म्हणाला म्हणून अडकेन. मला तुमची माफी नकोय. मी काही केलेलंच नाही."

डीलियाने किलीनच्या टोपलीतून एक लांबट बटाटा उचलला आणि त्याच्यासमोर आपटला.

"ऊठ, थेडी. बटाटा तुझा, चाकू तुझा. काप."

त्याने कापला. लांबीच्या बाजूने उभा चिरून सपाट भाग वर. डीलियाने भावाच्या खिशातून खिळे काढून त्याच्या हातात दिले आणि किंचित तिरके रोवायला सांगितले. किलीनने स्वतःच्या जाड बोटांनी बटाटा उलट फिरवला. बटाटा थरथरला, डुलला, थांबला आणि सुलट वळला.



"आता खिळे दुसऱ्या बाजूने तिरके कर."

त्याने केले. आता बटाटा उलट मजेत फिरू लागला, आणि सुलट फिरवला की माघारी वळू लागला. किलीनने तो पुन्हा एकदा सुलट फिरवून पाहिला.

"संत वाईट वळणाला लागले," तो हळूच म्हणाला.

मग सगळ्यांनाच करून बघायचं होतं. अर्ध्या तासात गुत्त्यासमोरच्या प्रत्येक फरशीवर, पिंपावर, खिडकीच्या कट्ट्यावर बटाटे फिरत होते. ज्याचा बटाटा वाकडातिकडा होता त्याचा नुसताच लटपटे, आणि तो शेजाऱ्यावर खिळे चोरल्याचा आरोप करी. हे बटाटे संतांच्याच मातीत उगवलेत, त्यांचाच गुण आहे, असा बार्टलीने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. डीलियाने पिशवीतून साबण काढून त्याच्यासमोर ठेवला आणि हा कुठल्या मातीत उगवला, ते विचारलं. बार्टलीने डोळे मिटले. या वेळी ते उत्तर कुणाला पटलं नाही.

दगड कोटात घालून तो निघाला, आधी चालत, मग पळत. त्याच्यामागे एकटा मॅलाकी धावला. "थांबा," तो ओरडत होता, "फक्त जाडी मोजू द्या." बार्टलीला वाटलं, हा आपल्याला पकडायला येतोय. तो कुंपण ओलांडून दिसेनासा झाला. मॅलाकी परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ते सगळं ठीक," किलीन म्हणाला. हातातला बटाटा त्याने अजून सोडला नव्हता. "पण माझं लोणी कुठे गेलं?"

"तू साय कुठे घुसळतोस?" डीलियाने विचारलं.

"स्वयंपाकघरात. चुलीजवळ. नेहमीच."

"आणि या उन्हाळ्यात केवढं ऊन पडलंय! तापलेल्या सायीचं लोणी घट्ट येत नाही. उद्या सकाळी साय घेऊन हॉनरकडे ये."

सोमवारी किलीन आणि त्याची बायको साय घेऊन गेले. ते हॉनरच्या दुधाच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. खोलीला उत्तरेची खिडकी होती आणि फरशी पायाला गारठा देत होती. साय तासभर तिथे ठेवली आणि मग घुसळली. लोणी आलं, पिवळं, घट्ट, किलीनच्याच गाईंचं. त्याने टोपी हातात घेतली. आपल्याला वाटलं होतं की, अशी काहीतरी सुरुवात त्याने केली.

"थेडी," हॉनर म्हणाली, "तू दगडाला विचारलंस. मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. या खोलीखालून ओढा जातो."

तिची गाय विकली गेली नाही. किलमोरातली ती पाचही घरं आता उन्हाळ्यात साय तिच्याकडे आणतात.

तेव्हा कुणी काही अद्भुत दाखवलं, तर गुडघे टेकण्याआधी ते आपल्या हातात मागावं आणि आपल्या चाकूने, आपल्या टेबलावर पुन्हा करून बघावं. दाखवणारा प्रोफेसर असला तरीही. आणि ज्या माणसाकडे बोट दाखवलं जातंय, त्याला आधी विचारावं. तो बहुधा जवळच उभा असतो.