हनोईचे कागद परवा

हनोईला जायचं ठरलं तेव्हा वहिनीच्या मनात पहिला विचार विमानाचा आला नाही, वन्संचा आला. घरातून पहिल्यांदाच परदेशी सहल निघत होती: वहिनी, तिचा नवरा, धाकटे दीर, जाऊ आणि नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. चार दिवस, तळ्याजवळचं हॉटेल, जुन्या शहराच्या गल्ल्या. प्रवास कंपनीच्या माणसाने बजावलं होतं, "व्हिसाचे कागद सगळ्यांचे तुमच्याकडूनच येऊ द्या. प्रत्येकाशी बोलत बसायला मला वेळ नाही." वहिनी छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवायची. एक पान मागेपुढे होऊ द्यायची नाही, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं, आणि तिने ते खुशाल पडू दिलं.

वन्संचे कागद तेवढे येत नव्हते. मनधरणी करून घेतल्याशिवाय वन्सं जेवायलाही बसत नसत. "बघते", "गुडघे दुखतात", "तुम्ही तरुण मंडळी जा", असं तीन आठवडे चाललं होतं. दिरांनी त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. वहिनीने मात्र हूं की चूं केलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी, या घरात नवी असताना, तिने ग्रंथालयातल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. फोन तेव्हा फक्त वन्संच्या घरी. निरोप घेऊन वन्सं दारात उभ्या राहिल्या, सुस्कारा टाकून म्हणाल्या, "तुझी मुलाखत गं... परवा." तो हळहळलेला चेहरा बघून वहिनीला वाटलं, गेली. ती दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी तिकडे मुलाखत झाली. खरं कळल्यावर वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, येणारी परवा! हिला मेलीला मराठीच कळत नाही!" सगळं घर हसलं, आणि अजून हसतं. पाहुणे आले की वन्सं हटकून म्हणायच्या, "हिला काही विचारू नका हं." वहिनी खाली मान घालून चहा गाळायची आणि दात आवळायची.

रविवारी वन्संचा फोन आला. "त्या कागदांची शेवटची तारीख काय म्हणालीस?"

मुदत मंगळवारी संपत होती. वहिनीने एक सुस्कारा टाकला. तो तिने वर्षानुवर्षं घोटून ठेवला होता.

"काय सांगू वन्सं... परवा."

पलीकडे वन्सं फणकारल्या. "बरं झालं! मला तरी कुठे यायचं होतं?" आणि फोन आपटला. त्या दिवशी वहिनी दोन घास जास्त जेवली.

बुधवारी भावाशी बोलताना वन्संना खरं कळलं. दुपारच्या सुट्टीत त्या थेट छापखान्यात आल्या. वहिनी हात पुसून उभी राहिली. आता आदळआपट होईल, डोळ्यांत पाणी येईल, आणि ते आपण डोळे भरून बघू, एवढ्याचसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

"मी परवाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "येणारी परवा."

वन्सं कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि चक्क हसल्या. "सुटले बाई! सोळा वर्षं मनाला खात होतं. तेव्हा मी मुद्दामच केलं होतं गं. तू नोकरीला लागली असतीस, तर आईची उठबस माझ्या अंगावर आली असती. आज झाली फिट्टंफाट!"

"फिट्टंफाट?" वहिनीचा आवाज चिरकला. "माझी नोकरी गेली, वन्सं. तुमची सहल गेली."

"आता उकरून काढू नकोस. तू केलंस, मी काही बोलले का?" त्यांनी तिच्या गालाला हात लावला. एवढ्या मायेने त्या तिच्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "मजा करा. माझ्यासाठी फोटो काढ."

भलत्याच हलक्या पावलांनी त्या जिना उतरून गेल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. वहिनीने पानं पुढ्यात ओढली. आता ती कुणाजवळ तक्रार करणार होती? सोळा वर्षं पोसलेला राग वन्सं चार दिवसांच्या हनोईच्या बदल्यात घेऊन गेल्या होत्या, आणि तो सौदा तिने स्वतःच, आनंदाने, केला होता.