रविवारची बाटली

ताई आमच्याकडे चार दिवस राहायला आली, त्याला या हिवाळ्यात चार वर्षं होतील. बॅग तिने कधी पुरती उघडलीच नाही. त्यामुळे ती राहायला आली आहे असंही म्हणता येत नव्हतं आणि जाणार आहे असंही.

भांडण पाण्यावरून. भावोजींचा ऑलिव्हचा घाणा. फळं दळून तेल काढलं की मागे काळंकुट्ट, आंबूस पाणी उरतं. ते घरामागच्या खड्ड्यात साठायचं. त्याचा वास उशीत, टॉवेलात, भावोजींच्या मिशीत.

"या वासाचं काहीतरी करा, नाहीतर मी चालले," ताई म्हणाली.

"घाणा म्हटला की वास आलाच," भावोजी म्हणाले.

वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्यं बोलणाऱ्या नवऱ्यांचं पुढे काय होतं, ते आमच्या पाहुण्यांच्या खोलीत येऊन बघावं.

तीन वर्षं दोघांनी ताठा जपला. मग एका रविवारी सकाळी भावोजी फाटकाशी उभे. हातात बाटली, बाटलीत ते काळं पाणी.

"आत या की," मी म्हणालो.

"नको. हिला वास घ्यायला सांग."

ताईने फाटकाच्या अलीकडूनच बाटली घेतली, नाकाशी नेली. "नापास."

"अगं, ही नुसती सुरुवात. पुढच्या रविवारी बघ."

झालं होतं असं, की कृषी महाविद्यालयातल्या एका बाईंनी त्यांना शेवाळ दिलं होतं. इतकं बारीक, की एकटा कण डोळ्यांना दिसत नाही; सगळे जमले की पाणी हिरवं होतं. ऊन खायचं आणि पाण्यातली घाण गिळायची, एवढाच त्याचा संसार. भावोजींनी छपरावर टब मांडले, माशांच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप लावला. बाईंची अट एकच: काळं पाणी साध्या पाण्यात मिसळून, थोडं थोडं घालायचं. एकदम ओतलं तर टब इतका काळवंडतो, की ऊन आत पोचत नाही आणि शेवाळ मरतं.

आता, भावोजी म्हणजे कढत चहा एका घोटात संपवणारा माणूस. पण ते थोडं थोडं घालायला शिकले. दर रविवारी बाटली यायची, दर रविवारी नापास व्हायची. रंग मात्र काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा हिरवट होत गेला. ताई प्रत्येक बाटलीवर तारीख चिकटवून ती खिडकीत मांडायची.

"कशाला गं?"

"पुरावा."

एका रविवारी तिच्या तोंडून "जरा बरं आहे" निसटलं. बस्स! भावोजी हुरळले, घरी गेले आणि पिंपभर काळं पाणी एका दमात टबांत ओतलं. तीन दिवसांत छपरावर स्मशानशांतता.

पुढच्या रविवारची बाटली काचेसारखी स्वच्छ.

ताईने वास घेतला. "हे नळाचं आहे."

भावोजी फाटकाची कडी चाचपू लागले.

"अहो, तीस वर्षं नाक तुमच्या खड्ड्यावर घासलंय मी. मला फसवता?"

"सगळं मेलं गं," भावोजी चपलांकडे बघत म्हणाले. "तू बरं म्हणालीस, आणि मला धीर धरवेना."

मला वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. ती आत गेली, स्टीलचा एक पेला घेऊन आली आणि तो फाटकावरून त्यांच्या हातात दिला. "पुन्हा लावा. आणि याने मोजून घाला. पिंपाने नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी मी तिच्या खोलीत डोकावलो. ताई खिडकीशी उभी. हातात अगदी पहिली, काळी बाटली. झाकण उघडं, डोळे मिटलेले.

"काय करतेस?"

ती दचकली. "झाकण घट्ट आहे का बघतेय."

"त्याला नाक कशाला लागतं?"

"तू जा, पेपर वाच तुझा."

मी वळलो, तेव्हा पाठीमागून हळूच म्हणाली, "संध्याकाळी दारातून आधी हा वास यायचा. मागून हे."

मी पेपर वाचला. काय वाचलं ते विचारू नका.

गेल्या रविवारी आलेलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. ताईने दोनदा हुंगलं. भावोजींनी श्वास रोखून धरलेला.

"काही येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे पास?"

ताईने फाटकावरून वाकून त्यांच्या खांद्याचा वास घेतला. "तुम्हालाही येत नाही," ती म्हणाली. सूर तक्रारीचा होता.

बॅग भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जाताना मला म्हणाली, "खिडकीतल्या बाटल्या ओतून टाक रे. आता काय करायच्यात?"

संध्याकाळी ओतायला गेलो. तपकिरी होत्या, हिरवट होत्या, नळाचीसुद्धा होती, तारखेसकट. रांगेत सर्वांत पुढे मात्र धुळीत नुसता एक गोल उमटलेला होता.