मापाची टोपली

बर्फात कोपरापर्यंत हात खुपसून बोटमालक मोठे मासे चाचपत होता. कालचे, परवाचे, हाताला जाड लागतील ते टोपलीत टाकत होता. आजची मासळी शेजारीच पडली होती, पण ती बघवत नव्हती. सगळी बोटाएवढी पिल्लं. जाळ्याने जणू बालवाडीच उचलून आणली होती.

मासे मोजणारा साहेब रजेवर होता, म्हणून आज मत्स्यखात्याने तिथे नोकरीला असलेल्या बोटमालकाच्याच मुलीला धक्क्यावर पाठवलं होतं. मासे लहान होत चालल्याचं मापात दिसलं, तर डिझेलवरची सवलत बंद होणार होती. स्वस्त डिझेल मिळतं म्हणूनच बोटी समुद्र खरवडून काढतात, असं ती रोज जेवताना सांगायची. सवलत गेली तर बोट जागची हलणार नाही, असं तो ऐकवायचा. मग आई दोघांनाही मुकाट्याने जेवायला सांगायची.

पोरगी आली, पट्टी काढून बसली. पहिल्याच माशाचे कल्ले तिने उघडून पाहिले. लाल नव्हते, तपकिरी पडले होते.

"बाबा, हे आजचे?"

"मग काय परवाचे?"

भांडणाची त्याने जय्यत तयारी केली होती. बोटीवरची चौदा माणसं, त्यांची घरं, सगळं जिभेवर होतं. शाळेत चुकून जास्त पडलेले दोन गुण स्वतः जाऊन कमी करून आलेली पोर ही. सहजासहजी ऐकायची नाही.

तिने बर्फाने लाल झालेले त्याचे हात पाहिले. मग एकेक मासा पट्टीवर ठेवून वहीत आकडे लिहीत गेली. मापाला लागणारे तीसही मासे झाले.

"सरासरी चांगली आहे," ती म्हणाली. "सवलत राहील."

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेजारच्या बोटीवरून सगळा प्रकार पाहत उभा असलेला मालक हसला.

"ये गं बाई, माझी पण टोपली तयार आहे!"

त्याच्या बोटीवर बर्फ उपसल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. ती उठली.

"त्याची तरी नीट तपास," बाप हळूच म्हणाला.

ती थांबली.

"कुठल्या तोंडाने, बाबा?"