काय दाखवू?

दुकानातल्या मावशींना उभ्या उभ्या स्वप्नं पडत. पडद्यांच्या कापडाचं काउंटर त्यांचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पंख्याच्या वाऱ्यावर निळं कापड हलायचं आणि त्यांना वाटायचं, आपण पाण्यात पाय सोडून बसलोय. मग मालकाचा खोकला ऐकू आला की पाणी पळून जायचं. दुकानात बायकांनी बसायचं नाही, हा मालकाचा नियम. बसलेली बाई म्हणे आळशी दिसते! स्वतः मात्र तो गादीच्या खुर्चीवरून जेवायलासुद्धा उठत नसे.

मावशींनी असाच जन्म काढला होता. पण आता शेजारच्या काउंटरवर त्यांची लेक उभी होती, पाचवा महिना लागलेली. "उभं राहवत नसेल तर घरी बस," असं मालकाने तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि घर तर दोघींच्या कामावरच चालायचं. तिला भिंतीला टेकलेली पाहून मावशींचा जीव तीळ तीळ तुटायचा.

म्हणून त्या संघटनेत गेल्या. दुकानांत काम करणाऱ्या बायकांची ही संघटना वकीलबाईंनी उभी केली होती. दुकानातल्या बायकांना बसायला मिळावं म्हणून सरकार नवा नियम करत होतं, पण त्याच्या मसुद्यात खुर्ची होती ती मागच्या विश्रांतीच्या खोलीत.

"काउंटर सोडून तिथे जाणार कोण?" वकीलबाई म्हणाल्या. "खुर्ची काउंटरमागेच हवी. सुनावणीत हे तुम्ही बोलायचं, मावशी."

भांडी घासताना, केस विंचरताना मावशींनी भाषण पाठ केलं. सुनावणीच्या दालनात उंच खिडक्यांना निळे पडदे होते. मावशी बघतच राहिल्या. कापड हलत होतं, पाणी पायाशी येत होतं. तेवढ्यात सचिवसाहेब समोर येऊन बसले, त्यांनी मान वर केली आणि मावशींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या साहेब, काय दाखवू?"

दालनात हशा पिकला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

साहेबही हसत म्हणाले, "दाखवा, असेल ते."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाषण पार उडून गेलं होतं. पण दाखवा म्हटल्यावर दाखवायचं, हे हाडीमांसी मुरलेलं. त्यांनी वाकून चप्पल काढली आणि पाऊल पुढे केलं. सुजलेलं, शिरा तटतटलेलं. मागे चपला काढल्याचे आवाज होत गेले. संघटनेच्या साऱ्या बायका अनवाणी उभ्या राहिल्या.

"माझ्या लेकीचे पाय अजून बरे आहेत, साहेब," मावशी म्हणाल्या. "तेवढे वाचवा."

आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी मसुदा पुढे ओढला. "काउंटरमागे म्हणजे कुठे? नीट सांगा," ते म्हणाले, आणि वकीलबाई एकेक शब्द सांगत गेल्या.

सरकारी कामाच्या मानाने नियम लवकर निघाला. मालकाने नाक मुरडत स्टुलं आणली. लेकीला तेव्हा आठवा लागला होता.

त्या दुपारी निळं कापड हलत होतं. लेक स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला. मावशी मात्र उभ्याच होत्या. त्यांना बसायचं सुचतच नव्हतं. इतक्यात लेकीच्या काउंटरपाशी एक गिऱ्हाईक आलं. मावशी लगबगीने पुढे झाल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काय दाखवू?"