गाडीचे वेगळे, आईचे वेगळे

वर्कशॉपांच्या गल्लीत दुपारी रहदारी कमी असते, म्हणून ड्रायव्हिंग क्लासच्या बाई नवख्यांना रिव्हर्स शिकवायला तिथेच नेत. त्या दिवशी स्टिअरिंगवर एक नुकतीच लग्न झालेली मुलगी होती. गाडी मागे घ्यायची म्हटलं की ती मान वळवायच्या ऐवजी डोळेच मिटून घ्यायची. "डोळे उघड गं, गाडीला स्वतःचे डोळे नसतात," असं म्हणत बाईंनी मागे पाहिलं, तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या आवारात, जाळीच्या फाटकापलीकडे, त्यांच्या आईची गाडी उभी होती.

रंग बदलला होता. पण नंबर तोच. बाईंना स्वतःचा फोन नंबर आठवायला वेळ लागे, तो नंबर मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक असा काही दाबला की मुलगी रडवेली झाली. "बाई, मी काहीच केलं नाही हो!"

"तू नाही, मीच केलं," बाई म्हणाल्या.

त्यांची आईही गाडी शिकवायची. बाईमाणूस स्टिअरिंगवर दिसलं की लोक रस्ता सोडून फुटपाथवर चढत, त्या काळची ही गोष्ट. नवरा अचानक गेला, पदरात दोन मुलं. येत होतं ते एकच, ड्रायव्हिंग. तिने ही जुनी गाडी घेतली, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि बायकांना शिकवायला सुरुवात केली. उंचीने ती एवढीशी, पाय त्या ब्रेकपर्यंत पोचेना. मग पेडलवर लाकडाचा ठोकळा बोल्टने आवळला आणि घसरू नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. लोक तिला 'ब्रेकवाल्या काकू' म्हणत. एकदा इंजिन जाम झालं. नवं परवडणारं नव्हतं, तेव्हा भंगारात निघालेल्या दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणून तिने ते हिच्यात बसवून घेतलं. साखळीला लटकणारं ते इंजिन बघायला बाई दप्तरासकट गॅरेजात उभ्या होत्या. कागदावर नोंद करायची तेवढी राहून गेली.

पुढे नजर मंदावली तशी आईने गाडी विकली आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "लोखंड आहे ते. त्याच्या गळ्यात पडून काय रडायचं?" असं म्हणून ती पोळपाट घेऊन बसली होती. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी बाईंनी मोठ्या भावाला गाठलं. दादाची सगळी हयात विमा कंपनीत, ठोकलेल्या गाड्यांची किंमत ठरवण्यात गेली होती. रिटायर झाला तरी सवय गेली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी बाहेर उभ्या गाड्यांचे पोचे बघून यायचा.

"घ्यायचीय मला," बाई म्हणाल्या.

"बेबी, आई काय म्हणाली होती? लोखंड आहे."

पन्नाशी उलटली तरी दादासाठी त्या बेबीच होत्या.

"आईने विकली ती तिची गाडी होती. मी घेणार ती माझी असेल. तू येणार आहेस की नाही?"

"येतो. पण एक ऐक. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. गाडी आईची आहे हे त्याला कळलं की संपलं. मग तो गाडी नाही विकणार, तुझं रडणं विकेल."

"मी रडणार नाही."

"तू सिनेमात कुणाचं कुत्रं हरवलं तरी रडतेस."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. सोबत बाईंच्या गाड्यांचं काम बघणारा मिस्त्री होता. व्यापाऱ्याला सगळे शेठ म्हणत. हसतमुख माणूस, हातात कायम एक पिवळं फडकं. बोलता बोलता जवळ असेल ती वस्तू पुसत राहायचा. मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. दादा हात मागे बांधून, तोंड न उघडता, गाडीभोवती एक फेरी मारून आला. बाईंनीही चेहरा अगदी कोरा ठेवला होता. मग त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि शिकवणारा बसतो त्या सीटवर बसल्या.

पाय आपोआप पुढे गेला. ठोकळा तिथेच होता. बाई आईपेक्षा बऱ्याच उंच. ठोकळ्यावर पाय ठेवताच त्यांचा गुडघा डॅशबोर्डला टेकला. आई केवढीशी होती, हे त्यांना इतक्या वर्षांनी त्या गुडघ्यात कळलं. त्यांनी ब्रेक एकदा हळूच दाबून पाहिला.

"ताई, ओळखीची दिसतेय गाडी," शेठ फडकं थांबवून म्हणाला.

दादा जोरात खोकला.

"माझ्या आईची आहे," बाई म्हणाल्या.

"झालं!" दादा आभाळाकडे बघून म्हणाला.

मिस्त्री बाहेर आला. खालचा पत्रा सडला होता, बोट लावलं तर आरपार जात होतं. इंजिन दणकट होतं, पण मूळचं नव्हतं. शेठने हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने ऐकलं, कॅल्क्युलेटरवर एक आकडा टाकला आणि तो बाईंच्या दिशेने फिरवला.

दादाने मान लांब करून पाहिलं. "एवढ्यात अशा दोन येतील."

"दोन येतील की," शेठ म्हणाला. "पण आईची एकच येईल."

वर त्याने हेही सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. जुन्या गाड्या जमवणारे एक डॉक्टर. त्यांची अट एवढीच, की हे दुसऱ्या ब्रेकचं लचांड काढायचं आणि गाडी कंपनीतून निघाली होती तशी करून द्यायची.

घरी आल्यावर दादा बराच वेळ बडबडत राहिला. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता ऐक. गाडी आईची आहे हे विसर. कुणातरी अनोळखी माणसाची आहे. काय देशील?"

हा प्रश्न दादाच्या हातखंड्याचा. सडका पत्रा, बदललेलं इंजिन, मिळत नाहीत असे सुटे भाग, असं करत करत त्याने एक आकडा सांगितला. शेठच्या आकड्याच्या निम्माही नव्हता.

"ही गाडीची किंमत झाली. आता आईची मी ठरवते."

"ती कशी ठरवणार? त्याला काय बाजार आहे?"

"नाही ना, म्हणूनच मला ठरवायला लागणार." पुढच्या वर्षी क्लाससाठी नवी गाडी घ्यायची म्हणून बाईंनी पैसे बाजूला टाकले होते. त्यातले किती गेले तर मागाहून चुटपुट लागणार नाही, याचा त्यांनी विचार केला. आधी मनात आलेला आकडा मोठा होता. तो रडवेल्या मनाचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. दुसरा फार लहान होता. तो दादाच्या धाकाचा होता. रात्रीची भांडी घासून होईपर्यंत तिसरा आकडा पक्का झाला, आणि मग त्यांना स्वस्थ झोप लागली.

सकाळी त्या एकट्याच शेठकडे गेल्या. "हे गाडीचे," त्यांनी सांगितलं, "आणि हे आईचे. यापुढे एक पैसाही नाही."

शेठ हसायलाच लागला. "ताई, इतकी वर्षं धंदा करतोय, असा भाव कुणी लावला नाही. लोक गाडी आवडली तरी नाकं मुरडतात. तुम्ही तर पत्ते उघडे टाकून बसलात."

"लपवून काय मिळणार? तुम्हाला कळलंच आहे."

"पण दोन्ही मिळवून डॉक्टरांच्या खालीच राहतात हो."

"मग डॉक्टरांना द्या. फक्त इंजिन मूळचं नाही हे त्यांना सांगा. माझ्या आईनेच बदललं होतं, कागदावर नाही ते."

"डॉक्टरांना इंजिनातलं काय कळतंय? ते हृदयाचे आहेत," शेठ म्हणाला आणि फडक्याने टेबल पुसू लागला.

बाई उठल्या. फाटकाबाहेर येईपर्यंत मागून हाक येईल असं एकदा वाटलं, पण आली नाही.

त्यांनी गल्ली टाळली नाही. रिव्हर्सचे धडे तिथेच चालू ठेवले. एक दिवस गाडी जॅकवर चढवलेली दिसली, पुढे एकदा चारी दारं काढलेली. घरी आल्या की त्या दिवशी दोन घास कमी जात. गंमत म्हणजे चलबिचल सुरू झाली ती दादाची. तो फोन करून इकडचं तिकडचं बोलायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "थोडे वाढवायचे का गं?"

"नाही."

"अगं, गेली तर?"

"गेली तर गेली. आज त्याने ताणून धरलं म्हणून वाढवले, तर मग आईची किंमत तो ठरवतोय. मी नाही."

आणि एके सकाळी शेठचाच फोन आला. आवाजातला तोरा उतरला होता. डॉक्टर हृदयाचे होते खरे, पण त्यांनी तपासायला पाठवलेला माणूस इंजिनाचा निघाला. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळेना. डॉक्टरांनी हात वर केले होते. "तुमचा तो भाव आहे का अजून, ताई?"

बाई, दादा आणि मिस्त्री पुन्हा आवारात हजर झाले. दारं लागली होती, गाडी चकचकीत पुसलेली होती. बाईंनी शेजारचं दार उघडून वाकून पाहिलं. ब्रेक नव्हता. भोक होतं तिथे पत्र्याचं ठिगळ मारलेलं.

"ब्रेक कुठाय?"

"तो... डॉक्टरांसाठी काढला ना. मागे भंगारात असेल."

बाईंनी पदर खोचला आणि सरळ मागच्या बाजूला गेल्या. तिथे सायलेन्सर, गंजलेल्या रिंगा, फुटलेले दिवे यांचा कंबरभर ढीग होता. मिस्त्री एका बाजूने लागला, बाई दुसऱ्या. दादा थोडा वेळ कपडे सांभाळत उभा राहिला, मग बाह्या सरसावून तोही घुसला. शेठ येऊन "अहो, हाताला लागेल," असं म्हणत राहिला. शेवटी मिस्त्रीने दोन बंपरांच्या मधून एक वाकलेला दांडा ओढून काढला. पेडल त्याला होतं आणि ठोकळाही होता. ट्यूबची पट्टी वाळून तडकली होती, पण सुटली नव्हती.

"सरळ होईल का?" बाईंनी विचारलं.

"होईल की," मिस्त्री म्हणाला. "तापवावा लागेल."

तो दांडा काखेत धरूनच बाई शेठच्या टेबलाशी बसल्या. दादाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आता दोन्ही पाड. गिऱ्हाईक पळालंय त्याचं."

"शेठ," बाई म्हणाल्या, "गाडीचे मी कमी देणार. ब्रेक परत बसवायचा, ठिगळ काढायचं, त्याचा खर्च त्यातून वजा."

शेठने मान डोलावली. हे त्याला अपेक्षितच होतं.

"आईचे आधी सांगितले तेवढेच."

"अगं, वेडी का खुळी तू?" दादाला राहवेना. "तो स्वतःच खाली यायला तयार आहे!"

"गिऱ्हाईक पळालं म्हणून आई स्वस्त झाली का रे?"

आयुष्यभर दादाने लोकांना त्यांच्या गाड्यांच्या किमती कमी करून सांगितल्या होत्या, आणि लोक त्याच्याशी भांडले होते. असं कुणी बोललं नव्हतं. मग त्याने खिशातून चेकबुक काढलं आणि पेनाचं टोपण दातांत धरून खुर्ची पुढे ओढली.

"आईच्यातले अर्धे माझे," तो टोपणासकट पुटपुटला. "गाडीत मी नाही हां. गाडी भंगार आहे, हे मी कुणालाही लेखी द्यायला तयार आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ठरवलं होतं की शेठपुढे रडायचं नाही, आणि त्या रडल्या नाहीत. फक्त काखेतला दांडा त्यांनी जरा घट्ट धरला. शेठने आपलं फडकं दादापुढे केलं, कारण चेकवर त्याच्या हाताची काजळी उमटायला लागली होती.

गाडी बाईंनीच चालवत नेली. दादा शेजारी बसला होता आणि मिस्त्री मागच्या सीटवर, दर वळणाला "हळू, बाई, हळू" करत. क्लच कडक होता, आरसा थरथरत होता, पण इंजिन सुरेख बोलत होतं. चढावर मात्र पेट्रोल पोचेनासं झालं आणि गाडी भर रस्त्यात आचके देऊन थांबली. मागे भोंग्यांचा गलका झाला. दादा आणि मिस्त्री उतरून ढकलू लागले. भाजी घेऊन चाललेल्या दोन बायकांनी पिशव्या कठड्यावर ठेवून हात लावला.

"हे ढकलणं कशात धरायचं?" दादा घामाघूम होऊन ओरडला. "गाडीच्यात की आईच्यात?"

"तुझ्या व्यायामात!" बाईंनी खिडकीतून उत्तर दिलं. ढकलणाऱ्या बायका हसल्या आणि त्या हसण्याच्या भरात गाडी चढाच्या माथ्यावर पोचली.

मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी आत घेतली तेव्हा दुपार कलली होती. मिस्त्रीने खालचा पत्रा, ब्रेक, पेट्रोलची नळी, एकेक काम बोटांवर मोजलं. इंजिनाची नोंदही आता कागदावर करून घ्या म्हणाला. सगळं सवडीने करायचं तर पुढचं वर्ष उजाडेल. क्लासची नवी गाडीही आता लांबली, हे बाईंना ठाऊक होतं. क्लासच्या आत्ताच्याच गाडीवर अजून काही काळ भागवायचं होतं.

"एक विचारू, बाई?" मिस्त्री म्हणाला. "नुसती ठेवायची असेल तर पत्र्याला वरवर केलं तरी चालेल. रंग मारला की कुणाला दिसायचं नाही. प्रदर्शनात उभी करायचीय की चालवायचीय?"

"चालवायचीय," बाई म्हणाल्या. "पत्रा नवाच टाक. पक्कं काम कर."

त्यांनी नळाखाली हात धुतले, दादाला चहा प्यायला मिस्त्रीपाशी बसवलं आणि चारच्या क्लासला उशीर होऊ नये म्हणून झपाझप निघाल्या.